काळोबाची उजवी पाकळी

रविवारी सकाळी दहाला उंबरवाडीचा काळोबा बोलायला लागायचा आणि साडेबाराला, कुशाबा भगताच्या जेवणाची वेळ झाली की, गप्प व्हायचा. त्या अडीच तासांसाठी घाटघरपासून येडगावपर्यंतची माणसं जीप भरभरून येत. चपला पत्र्याच्या मांडवाबाहेर काढत, अक्कल चपलांच्या शेजारी ठेवत आणि आत जात. परत निघताना चपला बहुतेकांना सापडत.

काळोबा म्हणजे छातीएवढा उंच, काळा, गुळगुळीत उभा दगड. त्याला शेंदूर चालत नाही, असा शोध कुशाबाच्या आज्यानं लावला होता. कारण कुणी विचारलं नव्हतं. कुशाबा दगडाच्या दोन खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवी आणि प्रश्न टाकी. उजवी पाकळी आधी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नाही'. कौल लावायची ही रीत डोंगरात जुनीच आहे, पण इतर ठिकाणचे देव घोळ घालतात. कधी दोन्ही पाकळ्या एकदम पडतात, कधी दोन्ही सुकेपर्यंत चिकटून बसतात, आणि विचारणारा कंटाळून स्वतःच्या डोक्यानं काय ते ठरवतो. काळोबाचं तसं नव्हतं. एक पाकळी डिंकानं डकवल्यासारखी दगडावर बसायची आणि दुसरी वीस आकडे मोजेपर्यंत सर्रकन खाली. एवढा स्पष्टवक्ता देव अख्ख्या जुन्नर तालुक्यात नव्हता. कुशाबाच्या मनात असलेलंच तो नेमकं कसं बोलतो, हा प्रश्न मात्र कुणी कौलाला लावला नव्हता.

जिल्हा परिषदेच्या शाळेतले राजरत्न गुरुजी हा सोहळा खुर्चीवर बसून पाहत. मूळचे बेल्ह्याचे, बी.एस्सी. झालेले, मग डी.एड. करून या वाडीत आले. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली घरातला देव्हारा उतरवून तिथं बुद्धाची तसबीर लावली होती, तेव्हापासून घरात कुणी कुणाला कौल लावला नव्हता. पण ते शाळेच्याच खोलीत राहत आणि रविवारी वाडीत दुसरं बघण्यासारखं काही नसे. गावानं त्यांना मानाची खुर्ची दिली होती. बाकी गाव जमिनीवर, गुरुजी एकटे खुर्चीवर. ही खुर्ची देवापासून मोजून वीस हात लांब मांडलेली असे. तीन वर्षांत ती एक वीतही पुढं सरकली नव्हती. "गुरुजी, तुमी हिथंच बसा. हिथनं समदं चांगलं दिसतं," असं पोलीस पाटील सावळेराम दर वेळी अगदी मायेनं सांगत. गुरुजी मायेचा अर्थ जाणून होते.

२००३ सालच्या भादव्यातल्या त्या रविवारी गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट होती. वाडीतल्या सहा पोरांना कावीळ झाली होती.

"गप ऱ्हावा रं! देवाची लाइन लागाय लागलीया!" कुशाबानं हात वर केला. "मागं कुनाचं मोबाईल आसतील तर बंद करा!"

वाडीत मोबाईलला रेंज नव्हती आणि मोबाईलही नव्हता. तरी दोघा-तिघांनी खिसे चाचपले.

"आधी देवाचं त्वांड पुसू द्या. देव झाला म्हनून काय झालं, रातभर हुबा ऱ्हातो बिचारा. घाम येतोय त्याला!" असं म्हणत कुशाबानं खांद्यावरचा पंचा काढला. एका टोकानं देवाचा एक खांदा पुसला, दुसऱ्या टोकानं दुसरा. आपल्या म्हाताऱ्या बापाला त्यानं कधी अशा प्रेमानं पुसलं नव्हतं. मग तांब्यात बुडवून दोन पाकळ्या लावल्या.

पहिला प्रश्न गोकुळचा. गोकुळ जुन्नर ते घाटघर जीप मारायचा. त्याची इंद्रायणी तिसरीत, आठ दिवस हळदीसारखी पिवळी पडून होती. जुन्नरच्या डॉक्टरनं तिला बघून सांगितलं होतं की वाडीची विहीर खराब झाली आहे, पाणी उकळून प्या आणि विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाका. टीसीएलचं पोतं ग्रामपंचायतीत आलेलंही होतं. ते उद्घाटनाची वाट बघत होतं.

"पोरांना ही पीडा कुनी लावली?" गोकुळनं हात जोडले.

"असं न्हाई इचारायचं, येडा का खुळा तू? देवाला हो-न्हाईचं इचारावं," कुशाबा म्हणाला. "काळोबा राजा, मानूस गावातलंच हाये का?"

उजवी पडली. गर्दीनं श्वास घेतला.

पुन्हा पुसणं, पुन्हा पाकळ्या. "बाप्या हाये का?" डावी. "म्हंजी बाई?" उजवी. "पोरांच्या ताटाला तिचा हात लागतो का?"

उजवी पाकळी खाली यायच्या आधीच सगळ्या माना एकीकडं वळल्या. शाळेची खिचडी लंकाबाई शिजवायची. पन्नाशीची विधवा, मूलबाळ नाही, जमिनीचा एक तुकडा आणि गावाला न परवडणारी जीभ.

"आरं कुशाबा," लंकाबाई उभी राहून म्हणाली, "माज्या खिचडीनं कावीळ व्हत आसती, तर सगळ्यात आधी गुरुजी पिवळं पडलं आसतं. रोज दोन ताटं हानत्यात ते."

दोघे-चौघे हसले आणि लगेच गप्प झाले. देवासमोर हसावं की नाही, याचा कौल झाला नव्हता.

"मी न्हाई बोलत बाई, देव बोलतोय." कुशाबानं डोळे वर केले. "फुडल्या रविवारी तीन कौल. तिन्ही तुज्याइरुद्ध गेलं, तर घर मोडायचं आन् वाडी सोडायची. काय पाटील?"

पोलीस पाटलाचं काम असल्या गोष्टी थांबवायचं असतं. सावळेरामांनी मान डोलावली.

कुशाबाची सून प्रतिभा हिचा खिचडी शिजवायच्या कामासाठीचा अर्ज गुरुजींच्या कपाटात तीन महिने पडून होता. काम आधीच लंकाबाईकडं असल्यानं गुरुजींनी त्यावर काही केलं नव्हतं. ही गोष्ट काळोबाला कुणी सांगितली असेल, याचा विचार करत ते वीस हातांवरून उठले.

सोमवारी संध्याकाळी ते पाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन सावळेरामांच्या ओट्यावर गेले. ओल्या पाटीवर एक पाकळी चिकटवली आणि शिकवणी सुरू केली. पाणी सूक्ष्म रेणूंचं बनलेलं असतं. हे रेणू एकमेकांना ओढतात आणि पाटीच्या रेणूंनाही ओढतात. म्हणून पाणी पाटीला धरून राहतं, पाकळीलाही धरतं, आणि मधल्या मध्ये पाकळी टिकते. यात देवाचा संबंध नाही.

सावळेराम सगळं मन लावून ऐकत होते. ओट्यावर अजून पाच-सात जण जमले.

"बराबर हाये गुरुजी," सावळेराम शेवटी म्हणाले. "पन चिकटती कशी ते तुमी सांगितलं. पडती कशी? आन् इचारलं तशीच कशी पडती?"

गुरुजींनी पाटी उभी धरून दाखवली. पाटीवरची पाकळी तर अजून चिकटलेलीच होती. सगळे तिच्याकडं बघत बसले. अर्धा तास झाला तरी ती पडेना, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "पाटीत देव न्हाई ना," आणि बैठक उठली.

गुरुजींचा संशय डिंकावर होता. न पडणाऱ्या पाकळीला कुशाबा काहीतरी चिकट लावत असणार. पुरावा हवा म्हणून मंगळवारी त्यांनी गोकुळची जीप थांबवली. पडलेली पाकळी प्रसाद म्हणून घरी न्यायची पद्धत होती आणि गोकुळनं आपली पाकळी गाडीच्या विम्याच्या कागदात जपून ठेवली होती.

"पडलेली हाये गुरुजी ही. चिकटलेली कुशाबा कुनाला देत न्हाई," गोकुळनं कागद उलगडला.

पाकळीला डिंक नव्हता. कागदावर मात्र रुपयाएवढा डाग पडला होता आणि त्यातून पलीकडचं दिसत होतं. गुरुजी निराश होऊन शाळेत परतले. हातात पुरावा घेऊन निराश व्हायला शिक्षण लागतं.

लंकाबाई मागच्या अंगणात खिचडीचं मोठं पातेलं घासत बसली होती. शेजारी एक गाठोडं बांधलेलं होतं.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"दोन लुगडी, एक तांब्या. सामान करायला कितीसा येळ लागतो?" ती मान वर न करता म्हणाली. "म्हायेर घाटाखाली, मुरबाडकडं. तिथं आता कोन न्हाई. पन चार दिस आधी गाठोडं बांधलं म्हंजी आयत्या येळंला कुनाकडं बघाय लागत न्हाई."

तीन वर्षांत तिची जीभ गुरुजींनी प्रथमच अशी मऊ ऐकली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी डिंकाची गोष्ट सांगितली, सापडला नाही तेही सांगितलं आणि कागदावरच्या डागाबद्दलही सांगितलं.

लंकाबाईचा हात थांबला. तिनं कागद घेतला, नाकाशी नेला आणि खदखदून हसली.

"गुरुजी, तुमी लई शिकला, पन भांडी न्हाई घासली कधी."

"म्हणजे?"

"हिकडं बसा. हे पातेलं बघा. ही बाजू राखंनं घासलीया. ही फोडनीची, आजून तेलकट." तिनं तांब्यानं दोन्हीकडं पाणी ओतलं आणि चिकटून उरलेल्या कोथिंबिरीची दोन पानं उचलून एकेका बाजूला लावली. घासलेल्या बाजूचं पान तिथंच बसलं. तेलकट बाजूवर पाण्याचे गोळे गोळे झाले, पान क्षणभर थांबलं आणि गोळ्यावर स्वार होऊन घसरत तळाशी गेलं.

"वल्लं पान कुटंबी चिकटतंय, त्याला डिंक कशाला? तुमी चिकटायचं कारन हुडकत बसलाव. पाडायला काय लावतोय ते बघा! खुरासनीचं तेल हाये हे. त्याच्या पंच्याला एका टोकाला तेल आन् दुसऱ्या टोकाला राख. जी बाजू पाडायची, तिचं त्वांड तेलानं पुसतोय मेला."

गुरुजी पातेल्याकडं बघत राहिले. पाण्याच्या रेणूंना दगडाची ओढ जबर असते, तेलाची फार कमी. म्हणून तेलावर ते एकमेकांनाच धरून गोळा होतात. हे सगळं त्यांनी परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर गुणही मिळवले होते. पण मधे पातेलं आलं नव्हतं.

"शेंदूर का चालत नाही, ते आत्ता कळलं," ते पुटपुटले. "शेंदूर तेलात कालवतात, सगळा दगडच तेलकट झाला तर दोन्ही पाकळ्या पडतील."

"आता कसं!" लंकाबाई म्हणाली. "पन सांगून कोन ऐकनार? माजं कोन ऐकतंय, आन् तुमची खुर्ची तर वीस हात लांब."

खुर्चीचा उल्लेख गावात कुणी केलेला गुरुजींनी प्रथमच ऐकला.

रविवारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातून कुणाला हाकलताना बघायला माणसं जितक्या लवकर येतात, तितक्या लवकर विहीर उपसायला येत नाहीत. लंकाबाई आली ती डोक्यावर पातेलं घेऊन. त्यात ऊन पाणी, राख आणि काथ्या.

कुशाबाचं पुसणं झालं होतं. "आज देव लई कडक हाये राव! आज सोडनार न्हाई!" तो ओरडत होता. पाकळी उचलणार, तेवढ्यात लंकाबाईनं पातेलं दगडासमोर आदळलं.

"थांब. ज्याच्यावर आळ, त्यानं कौलाआधी देवाला न्हाऊ घालायचं, ही रीत हाये का न्हाई?"

"कसली रीत? मला न्हाई ठाव," कुशाबा म्हणाला.

"हाये." हा आवाज प्रयागबाईचा होता. वाडीतली सगळ्यात म्हातारी, दात नसलेली आणि कुणाला न घाबरणारी. "माज्या सासूवर गाय मारल्याचा आळ आला, तवा तिनं घातलीया आंगूळ. तुजा आजाच भगत व्हता. तुला ठाव नसंल तर त्याला इचार वर जाऊन."

रीतीला कुशाबा 'नाही' कसा म्हणणार? त्याचं सगळं पोट रीतीवर होतं.

लंकाबाईनं पदर खोचला आणि काळोबाला असा घासला, की खिचडीचं करपलेलं बूडही तिनं कधी तसं घासलं नसेल. उजवा खांदा, डावा खांदा, पाठ, पोट. वरून भडाभडा ऊन पाणी. दगड पहिल्यांदाच सारखा काळा दिसला.

कुशाबाचा हात पंच्याकडं गेला.

"आता काय पुसतोस? आत्ताच न्हायलाय की," लंकाबाई म्हणाली. "लाव पाकळ्या."

त्यानं लावल्या. "काळोबा राजा! पोरांना पीडा ह्याच बाईनं लावली का?"

दोन्ही पाकळ्या चिकटल्या. गर्दीनं वीस आकडे मोजले. मग शंभर. कुशाबानं दगडाला हाका मारल्या, विनवलं, दटावलं, शेवटी हिंदीतही बोलून पाहिलं. काळोबा ढिम्म. सावळेरामांचा पाय बधिर झाला. कुणीतरी मागून म्हणालं, "देव झोपला जनू."

"देव रुसलाय!" कुशाबाच्या कपाळावर घाम होता, आता खराखुरा. "हिनं इटाळलं! परत पुसाय लागंल!"

"पुसू की," असं म्हणून लंकाबाईनं त्याच्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि गोकुळच्या हातात दिला. "तुजी पोर आजारी हाये न्हवं? मग तूच कर. ह्या टोकाचा वास घे."

गोकुळनं हुंगलं. "खुरासनी!"

"आन् ह्या?"

"राख हाये."

"तेलाच्या टोकानं उजवा खांदा पूस. डाव्याला राख लाव. आता पानी मार. पाकळ्या चिकटव. हां." ती दगडाकडं वळली. "काळोबा, पोरांची कावीळ इहिरीच्या पान्यानं आली का?"

वीस आकडेही लागले नाहीत. उजवी पाकळी घसरत खाली आली.

"आता उलटं कर," लंकाबाई म्हणाली. गोकुळनं राखेनं उजवा खांदा घासून काढला आणि डाव्याला तेल लावलं. "काळोबा, कुशाबा खरं बोलतो का?"

डावी पडली.

गोकुळला आता हात बसला होता, आणि आठ दिवसांचा रागही होता. त्यानं कुणी न सांगताच पंचा फिरवून डाव्याला राख घासली, उजव्याला तेल फासलं आणि मोठ्यानं विचारलं, "काळोबा, कुशाबा गाढव हाये का?"

उजवी.

"हे कशाला देवाला इचारतोस?" प्रयागबाई म्हणाली. "हे आपल्याला बी ठावं व्हतं."

मग मात्र मांडव फुटला. माणसं इतकी हसली की घरी जायची विसरली. साडेबारा वाजले होते. कुशाबा जेवायला निघाला, आणि पंचा मागायला काही थांबला नाही.

सावळेरामांनी घसा साफ केला. ज्या गोष्टीला मान डोलावली होती, तिच्यातून मान सोडवायची होती. "गुरुजी, ते रेनूचं त्या दिशी सांगत व्हता, ते परत सांगा बरं. आन् तितनं काय ऐकू यायचं न्हाई, हिकडं या."

खुर्ची उचलून आणली गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती दगडाला लागून मांडली गेली. गुरुजी तिच्यावर बसले नाहीत. उभं राहून त्यांनी लंकाबाईचं पातेलं पुढं ओढलं आणि त्याच्यावरच सगळं सांगितलं. पाणी दगडाला का धरतं, तेलाला का सोडतं. या वेळी कुणी 'बराबर हाये' म्हणालं नाही. लोक विचारत होते, "मंग पावसात पान काचंला का चिकटतं?" "मंग बदकाला पानी का लागत न्हाई?" गुरुजींना अशी पोरं वर्गात कधी मिळाली नव्हती.

दुपारी ग्रामपंचायतीचं कुलूप काढून टीसीएलचं पोतं फोडण्यात आलं. त्याला तीन महिने आणि एक देव लागला.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाचं मन काही घासलेलं पातेलं नसतं. मंगळवारी सकाळी येडगावकडच्या दोन बाया शाळेच्या अंगणात आल्या. लंकाबाई खिचडीचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली होती. तिचं गाठोडं सुटलं होतं, त्यातलं लुगडं तारेवर वाळत होतं. दोघींनी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"बाई, काळोबा आता तुमाला वश झालाय म्हनं. भगताला सोडून तुमच्याशी बोलतो. माज्या लेकीला दिवस जात न्हाईत, येक कौल लावा."

गुरुजी दारातच थबकले. लंकाबाईच्या चुलीला, घराला, आयुष्याला पुरेल असा धंदा समोर वाकून उभा होता. नुसतं 'बरं' म्हणायचा अवकाश होता.

लंकाबाईनं काथ्या आणि राख पुढं सरकवली. "आधी हे घासा."

बायांना वाटलं हा विधीच असेल. त्यांनी भक्तिभावानं अर्धं पातेलं लख्ख केलं. लंकाबाईनं पाणी ओतलं, दोन पानं लावली. एक बसलं, एक घसरलं.

"आता मला सांगा," ती म्हणाली, "ह्या पानाला तुज्या लेकीचं नाव ठावं हाये का?"

बाई गोंधळली. "न्हाई."

"ह्या पान्याला?"

"न्हाई."

"पातेल्याला?"

"त्याला कसं असंल?"

"मंग ज्याला नाव बी ठावं न्हाई, त्याला कशाला इचारतीस? जुन्नरला दवाखाना हाये. लेकीला ने, जावयाला बी ने, दोघांची तपासनी कर. डाक्टर निदान नाव तरी इचारील."

बाया एकमेकींकडं बघत उठल्या. फाटकापर्यंत गेल्यावर त्यातली एक परत आली. गुरुजींना वाटलं, आता ही पान मागणार, प्रसाद म्हणून.

"गुरुजी," तिनं विचारलं, "जुन्नरची जीप किती वाजता हाये?"